कवी म्हणजे चर्चचे भाट?

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: प्रबोधनापूर्वी (म्हणजे रेनेसाँच्या आधी) युरोपातले कवी म्हणजे चर्चचे भाट. देवाची आरती, नीतिबोध आणि सरदारांची प्रेमप्रकरणं, संपली कविता. पोपविरुद्ध ओळ लिहिली की कवीला जिवंत जाळायचे. गरिबाला कवितेत जागा नव्हती. प्रश्न विचारायला माणूस शिकला तो प्रबोधनात, आणि ‘त्याच अंधारयुगात आपल्याकडे तुकोबा बंड करत होते’.

शेवटचं आधी घेऊ, ते लगेच आटपतं. तुकोबा सतराव्या शतकातले. ते ऐन पंचविशीत असताना, १६३३ मध्ये, रोममध्ये गॅलिलिओवर खटला चालला. मध्ययुगाशीच सांगड घालायची तर ज्ञानदेव घ्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. तेव्हा इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, कवी दान्ते पंचविशीचा होता.

आता भाटगिरी. जर्मन कवी वाल्टर फॉन डेर फोगेलवाइड याच्या हयातीतला त्याचा एकमेव कागदोपत्री पुरावा म्हणजे पासाउच्या बिशपच्या हिशेबवहीतली १२०३ ची नोंद: फरच्या कोटासाठी पैसे दिले. बघा, म्हणाल, बिशपच्या कोटावर जगणारा कवी! पण याच माणसाने पुढे काय लिहिलं ते वाचा. १२१३ मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने धर्मयुद्धासाठी चर्चाचर्चांतून दानपेट्या ठेवायला लावल्या. वाल्टरच्या कवितेत पोप आपल्या इटालियन मंडळींत बसून हसतो आहे: दोन जर्मनांना (मुकुटाच्या दोन दावेदारांना) एका मुकुटाखाली आणलंय, ते आपसात राज्य नासवतील, तोवर आपण पेट्या भरू, त्यांची चांदी आपल्या तिजोरीत येतेय, तुम्ही कोंबड्या खा, वाइन प्या, जर्मनांना करू द्या उपास. दुसऱ्या कवितेत तो थेट दानपेटीलाच जाब विचारतो. टोमासिन नावाच्या एका धर्मपंडित कवीने लगेच तक्रार केली की या माणसाने हजारोंची दिशाभूल केली. म्हणजे ओळी पोचल्या होत्या. वाल्टर काही संत नव्हता. पोप आणि सम्राट यांच्या भांडणात तो बहुधा सम्राटाच्या गोटातून बोलायचा, आणि सम्राट दुसऱ्या फ्रेडरिककडून त्याला जमीनही मिळाली. भाट म्हणायचंच असेल तर म्हणा, पण चर्चचा नाही.

‘जिवंत जाळायचे’ या वाक्यात थोडं तथ्य आहे. दक्षिण फ्रान्समध्ये १२०९ ते १२२९ पाखंडी ठरवलेल्यांविरुद्ध धर्मयुद्ध चाललं, माणसं जाळली गेली. त्याच धामधुमीत तुलूझचा गिल्येम फिगेरा, पेशाने शिंपी, याने रोमवर कडव्यामागून कडवं रचलं: कपटी रोम, लोभी रोम, मेंढरांची लोकर खरवडून घेणारं रोम. तो इटलीत निघून गेला. १२७४ मध्ये तुलूझच्या एका व्यापाऱ्याला धर्मन्यायालयाने या कवितेबद्दल विचारलं. जवळजवळ पन्नास वर्षांनीसुद्धा ती बाळगणं संशयास्पद होतं. धोका खरा होता, नाकारत नाही.

पण ‘ओळ लिहिली की जाळलं’ हा नियम नव्हता. दान्तेलाच बघा. सापडला तर जाळा, असा हुकूम त्याच्यावर खरोखर निघाला होता, १३०२ मध्ये. तो काढला फ्लॉरेन्सच्या विरोधी गटाने, सरकारी पैसा खाल्ल्याच्या आरोपावरून. त्याचं महाकाव्य, ‘डिव्हाइन कॉमेडी’, तेव्हा लिहूनही झालं नव्हतं. ते लिहिलं तेव्हा त्याने नरकात पोप डोकं खाली, पाय वर करून भोकांत कोंबले, तळपायांना आग लावून. गुन्हा काय, तर धर्माची पदं विकली. त्यातला तिसरा निकोलस दान्तेचा आवाज ऐकून विचारतो: आलास का एवढ्यात, बोनिफेस? काव्यातला प्रसंग १३०० सालचा, म्हणजे आठवा बोनिफेस अजून गादीवर जिवंत आहे आणि नरकात त्याची जागा राखून ठेवलेली आहे! याहून जहरी विनोद मला कुठल्याही शतकात पटकन आठवत नाही. १३२९ च्या सुमारास पोपच्या दूताने दान्तेचा ग्रंथ जाळला खरा, पण तो सम्राटाच्या अधिकारावरचा गद्य ग्रंथ. १३७३ मध्ये फ्लॉरेन्स नगरीने लेखक बोकाचोला मानधन देऊन महाकाव्यावर जाहीर व्याख्यानं ठेवली. कुठे? चर्चमध्ये.

प्रेमप्रकरणांबद्दल फार बोलत नाही. ‘कार्मिना बुराना’ हा मध्ययुगीन रचनांचा संग्रह. त्याचं नाव घेतलं की लोकांना जर्मन संगीतकार ऑर्फने १९३७ मध्ये रंगमंचावर आणलेली दारूची, प्रेमाची, नशिबाची गाणी आठवतात. त्याने निवडली अवघी चोवीस. तेराव्या शतकातल्या मूळ हस्तलिखितात अडीचशेच्या वर रचना आहेत आणि सुरुवातीचा विभाग नीती आणि उपहासाचा आहे. त्यातलं एक गद्य विडंबन मासलेवाईक आहे: ‘चांदीच्या मार्कानुसार शुभवर्तमान’. मार्क हा बायबलमधला शुभवर्तमानकार आणि चांदीचं वजनही. गरीब माणूस पोपच्या दरबारी येतो, द्वारपाल हाकलतात. तो अंगरखा आणि तलवार विकून पैसे आणतो, तेही पुरत नाहीत. मग एक गलेलठ्ठ श्रीमंत खुनी येतो, सगळ्यांचे हात ओले करतो, काम फत्ते. भाषा सगळी बायबलचीच. हे लिहिणारे लॅटिन शिकलेले, चर्चच्याच शाळांतून तयार झालेले लोक. इथेच तो मजकूर सर्वांत जास्त घसरतो. त्याच्या लेखी नीतिबोध म्हणजे टीकेच्या उलट काहीतरी. या कवींना चर्चविरुद्ध वापरायला चर्चचंच पुस्तक हाताशी होतं, आणि तेच सर्वांत जास्त झोंबणारं होतं.

गरिबाला जागा नव्हती? चौदाव्या शतकात इंग्रज कवी विल्यम लँगलंडच्या काव्याचा नायकच नांगऱ्या आहे, पियर्स. सत्याची वाट सरदाराला माहीत नाही, यात्रेकरूला नाही. माहीत आहे ती पियर्सला, आणि तो म्हणतो, आधी माझं अर्धा एकर नांगरून होऊ द्या. प्लेगनंतर मजूर मिळेनासे झाले होते, मजुरी वाढू नये म्हणून १३५१ मध्ये कायदा झाला होता. लँगलंडचे मजूर कालची भाजी नको, ताजं मटण नाहीतर मासळी हवी, तीही गरमागरम, असं म्हणतात आणि कायदा करणाऱ्या राजाला शिव्या घालतात. कवी मजुरांवरही चिडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो काही आजच्या अर्थाने डावा नव्हता. पण शेवटच्या आवृत्तीत त्याने झोपडीतल्या बायकांवर जे लिहिलंय ते वाचताना मी थबकतो. पोरांचा आणि घरमालकाच्या भाड्याचा भार. सूत कातून वाचलेलं भाड्यात जातं, नाहीतर पोरांच्या पेजेसाठी दूध-पिठात. हिवाळ्याच्या रात्री उठून पाळणा हलवायचा, लोकर पिंजायची, ठिगळं लावायची, लव्हाळी सोलायची. आणि भीक मागायची लाज वाटते म्हणून शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही.

१३८१ च्या शेतकरी उठावात जॉन बॉल या बंडखोर पाद्र्याच्या पत्रात पियर्स नांगऱ्याचं नाव आलं. बॉलला सेंट ऑल्बन्सला फाशी दिलं. अभ्यासक मानतात की त्यानंतर लँगलंडने काव्य पुन्हा हातात घेतलं. पियर्स रागाने सत्याने पाठवलेलं माफीपत्र फाडतो तो प्रसंग शेवटच्या आवृत्तीत नाही.

राहिला प्रबोधनाचा मुद्दा. १५५० मध्ये, प्रबोधन ऐन भरात असताना, रॉबर्ट क्राउलीने लंडनमध्ये लँगलंडचं हे काव्य पहिल्यांदा छापलं, एका वर्षात तीनदा. प्रस्तावनेत तो लिहितो की तिसऱ्या एडवर्डच्या काळात, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी, देवाने अनेकांचे डोळे उघडले आणि त्यांना अंधाराविरुद्ध ओरडून बोलायचं धैर्य दिलं.