प्रतिक्रियेला उत्तर : ९८ टक्के शुद्ध, पण कशापासून?

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं असं : रिकॉम्बिनंट ह्यूमन बीएनपी (माणसाच्या हृदयातलं, रक्तवाहिन्या सैल करणारं पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रथिन; इथे ई. कोलाय जिवाणूत बनवून घेतलेलं) यावरच्या लेखात मी एंडोटॉक्सिनचा, म्हणजे त्या जिवाणूकडून येणाऱ्या विषारी अशुद्धीचा, बागुलबुवा उभा केला. कुपीवर ९८ टक्के शुद्धता छापलेली असते. तुम्ही रॅटच्या महाधमनीच्या रिंगा रात्रभर या पेप्टाइडमध्ये ठेवल्या, सकाळी त्या फेनिलेफ्रिनला (वाहिनी आकुंचित करणारं औषध) नीट आकुंचन पावेनात आणि सीजीएमपीही (पेशीतला, वाहिनी सैल करायला सांगणारा संदेश-रेणू) वाढलेलं मिळालं. म्हणजे पेप्टाइड चोख आहे. तरी शंका असेल तर उकळून कंट्रोल घ्यावा.

आधी त्या ९८ टक्क्यांबद्दल. हा आकडा बहुतेक वेळा एचपीएलसीवरून, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरून, येतो. तिथे २१४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणारे पेप्टाइड बंध मोजले जातात. एंडोटॉक्सिन म्हणजे ई. कोलायच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, साखर आणि मेदाम्लांचा रेणू. तो त्या आलेखात जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे ९८ टक्के शुद्ध पेप्टाइडमध्ये तो भरपूर असू शकतो. त्यासाठी एलएएल या एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या चाचणीचा आकडा वेगळा बघावा लागतो. तुमच्या प्रतिक्रियेत तो कुठेच नाही.

आता तुमचा प्रयोग. खरं सांगायचं तर तुमच्या निकालामुळेच माझी शंका बळावली. बीएनपी स्नायुपेशीवरच्या एनपीआर-ए रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टरचा आतला भाग स्वतःच सीजीएमपी बनवतो आणि रक्तवाहिनी काही मिनिटांत सैल पडते. मायोग्राफच्या (वाहिनीचा ताण मोजणारं यंत्र) दोन तारांवर ताणलेली रिंग आधी आकुंचित करून मग पेप्टाइड घातलं, तर ताणाची रेषा बघता बघता खाली येते. हा परिणाम रात्रभर टिकावा असं सहसा होत नाही, कारण नेप्रिलायसिन हे एन्झाइम आणि एनपीआर-सी हा पेप्टाइड काढून टाकणारा रिसेप्टर त्याचा निकाल लावत असतात. उलट एंडोटॉक्सिनला काही तास लागतात. ते स्नायुपेशींना आयएनओएस हे एन्झाइम बनवायला लावतं, नायट्रिक ऑक्साइड तयार होत राहतं आणि वाहिनी आकुंचनाला दाद देत नाही. सकाळी तुम्ही जे पाहिलंत ते हुबेहूब असंच दिसतं.

सीजीएमपीनेही हा गुंता सुटत नाही. नायट्रिक ऑक्साइडसुद्धा सीजीएमपीच वाढवतं, फक्त विद्राव्य ग्वानिलिल सायक्लेज या पेशीतल्या वेगळ्या एन्झाइममार्फत. दोन्ही वाटा एकाच जागी येऊन मिळतात, तेव्हा शेवटचं टोक मोजून वाट कळणार कशी?

त्यात रिंगा रॅटच्या. माणसाचं बीएनपी ३२ अमिनो आम्लांचं, रॅटचं ४५ चं, आणि दोघांच्या क्रमातही बराच फरक. एएनपी या बीएनपीच्या भावंड-पेप्टाइडचं तसं नाही, ते दोघांत जवळपास सारखंच असतं. ह्यूमन बीएनपी रॅटच्या रिसेप्टरवर दुबळं पडतं. इथे दणदणीत परिणाम दिसला तर आनंद होण्याआधी माणसाने थबकावं.

उकळण्याचा उपाय मोठ्या, घडी घातलेल्या प्रथिनांसाठी बरा. एंडोटॉक्सिन उकळून मरत नाही, हे तुमचं बरोबर. पण १७ अमिनो आम्लांच्या, डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधाने जुळलेल्या कड्याचं एवढंसं पेप्टाइडही उकळून पुरतं निकामी होईल याची खात्री नाही. दोन्ही तगले तर कंट्रोल काय सांगणार? त्यापेक्षा कडं रासायनिकरीत्या उघडून, टोकं पुन्हा जुळणार नाहीत अशी बंद करून आणि वापरलेली रसायनं काढून टाकून तो नमुना वापरा. कड्याशिवाय बीएनपी चालत नाही. (कडं उघडणारं डीटीटी हे रसायन तसंच राहिलं तर रिंगच बिघडेल, एवढं सांभाळा.)

‘माणसाचाच रेणू आहे, मग कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ ही अट कशाला,’ असंही तुम्ही विचारलंत. याच क्रमाचं औषध, नेसिरिटाइड, अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, सात हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं लक्षणीय कमी केलं नाही, रक्तदाब मात्र जास्त जणांचा घसरला. निर्जंतुक, तपासलेल्या औषधाची ही कथा. प्रयोगशाळेच्या कुपीला ती तपासणीच नसते, तेव्हा ती अट काटेकोर पाळायलाच हवी.

तुमच्याकडे रिंगा तयार असतीलच. रात्रभर ठेवलेल्या काही रिंगांना सकाळी १४००डब्ल्यू द्या, काहींना ओडीक्यू. पहिलं आयएनओएस अडवतं, दुसरं विद्राव्य सायक्लेज. एनपीआर-एला दोन्ही हात लावत नाहीत. एक संच एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणाऱ्या पॉलिमिक्सिन-बीसह रात्रभर ठेवा. आकुंचन परत आलं तर तुम्ही बीएनपी मोजत नव्हता. तिन्हींत काहीच फरक पडला नाही, तर तुमच्या कुपीबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेईन. निकाल काहीही येवोत, आलेखांसकट इथे जरूर टाका.