मोठ्या बॅटरीचं कौतुक पुरे, छोटीची तब्येत कोण सांगणार?

हायब्रिड गाडीच्या स्क्रीनवर काय काय दिसतं! इंजिनाकडून चाकांकडे आणि चाकांकडून बॅटरीकडे पळणारे रंगीत बाण, मोठ्या बॅटरीत किती चार्ज उरलाय त्याच्या पट्ट्या, मायलेजचे आलेख. दिसत नाही ती १२ व्होल्टच्या ऑक्झिलरी बॅटरीची तब्येत. आणि ऐनवेळी गाडी आडवी पडते ती बऱ्याचदा याच बॅटरीपायी. एवढी महागडी यंत्रणा बनवणाऱ्यांना एक आकडा दाखवता येत नाही, याचा मला भयंकर संताप येतो.

‘अहो, एवढी मोठी बॅटरी आहे की गाडीत, छोटी उतरली तर काय बिघडतं?’ हे मला इतक्यांनी विचारलंय की आता ऐकूनच डोकं फिरतं. बिघडतं सगळंच! बहुतेक फुल हायब्रिड (थोडा वेळ नुसत्या विजेवरही पळणाऱ्या) गाड्यांची मोठी बॅटरी दोनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वरची असते. गाडी बंद केली की सुरक्षिततेसाठी ती रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते. ते रिले ओढायला वीज येते छोट्या बॅटरीतून. गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात तिच्यावर, सेंट्रल लॉक चालतं तिच्यावर, दिवे लागतात तिच्यावर. मोठी काठोकाठ भरलेली असली तरी छोटी बसली की तिचा काडीचा उपयोग नाही.

साध्या गाडीची बॅटरी जाण्याआधी निदान ओरडते तरी. सेल्फ जड ओढायला लागतो, सकाळी दोनदा मारावा लागतो, माणूस सावध होतो. इथे तेही नाही. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. छोटीने कॉम्प्युटर उठवायचे आणि रिले ओढायचे, एवढंच. त्याला स्टार्टरसारखे शेकडो अँपिअर लागत नाहीत. त्यामुळे ती अर्धमेली झाली तरी गाडी रोज मुकाट ‘रेडी’ होते, म्हणजे निघायला तयार. मग एक दिवस चार तास डिक्कीचा दिवा चालू राहतो किंवा गाडी दोन आठवडे उभी राहते, आणि दरवाजाही उघडत नाही. स्मार्ट की ऐकत बसलेला रिसीव्हर, अलार्म, घड्याळ हे सगळे गाडी उभी असतानाही थोडं थोडं पीतच असतात.

बरं, म्हणून आधीच तपासून घ्यावी म्हणून गॅरेजमध्ये जावं, तर तिथे वेगळाच ताप. माझ्या गाडीची तपासणी कशी झाली माहितीये? गाडी रेडी ठेवली, मल्टिमीटरच्या वायरी टर्मिनलला लावल्या, १४.२ आलं, आणि ‘बॅटरी एकदम ओके आहे साहेब’. अहो, ते चौदा व्होल्ट बॅटरीचे नाहीतच! बहुतेक फुल हायब्रिडमध्ये साध्या गाडीसारखा इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतली वीज डीसी-डीसी कन्व्हर्टर खाली उतरवतो आणि छोटीला देतो, तेही इंजिन बंद असताना, फक्त गाडी रेडी असली की झालं. म्हणजे त्या माणसाने मोजला कन्व्हर्टर आणि सही केली बॅटरीच्या नावावर. मी हे सांगितलं तर माझ्याकडेच असं बघितलं जणू मीच अडाणी. हायब्रिडचा बोर्ड लावून बसता ना? मग एवढं तरी शिका!

मोजायचं तर गाडी पूर्ण बंद करून, दरवाजे लावून, चावी लांब ठेवून, काही तास शांत उभी राहू द्यायला हवी. रात्रभर असेल तर उत्तम. नुकतीच चालवलेली गाडी मोजली तर प्लेटांवरचा वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. यात आणखी एक वैताग. बऱ्याच गाड्यांत ही बॅटरी डिक्कीत किंवा मागच्या सीटखाली असते. तिच्यापर्यंत पोचायला डिक्की उघडली की दिवा लागतो, कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा खाली घसरतो. मग ते पुन्हा झोपेपर्यंत थांबा. साध्या लेड-अ‍ॅसिडला पूर्ण चार्ज असताना १२.६ ते १२.७ मिळायला हवेत, एजीएमला (अ‍ॅसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली लेड-अ‍ॅसिडच) १२.८ च्या आसपास. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच. १२.४ च्या खाली दिवसेंदिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं, आणि ते नंतर कितीही चार्ज केलं तरी पुरतं सुटत नाही.

आणि एवढं करूनही तब्येत कळत नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट! व्होल्टेज सांगतं किती भरली आहे. किती मावतं हे सांगत नाही. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी झिजून १५ वर आली तरी भरल्यावर आकडा १२.६ च दाखवेल. लहान भांडंही काठोकाठ भरतंच. खरी क्षमता बघायची तर भार टाकावा लागतो. रीतसर मोजणी म्हणजे ४५ च्या बॅटरीतून २.२५ अँपिअर काढत राहायचं आणि १०.५ व्होल्टपर्यंत यायला वीस तास लागतात का ते बघायचं. एवढा वेळ कोणाकडे नसतो, मान्य. पण ब्रेक न दाबता गाडी नुसती ‘ऑन’वर ठेवा, रेडी नको, हेडलाइट आणि ब्लोअर लावा आणि मीटरकडे बघा. धड बॅटरी बाराच्या आसपास तग धरते. थकलेली बघता बघता साडेअकराच्या खाली घरंगळते. पाच मिनिटांचं काम आहे! तेही करायला कोणी तयार नाही.

त्यांच्याकडे डिजिटल टेस्टर असतो ना, चिठ्ठी छापणारा. त्यात बॅटरीचा प्रकार आणि रेटिंग भरावं लागतं. हायब्रिडच्या छोट्या बॅटरीवर बऱ्याचदा स्टार्टिंगच्या अँपिअरचा आकडाच नसतो, नुसता साइजचा कोड. मग हा पठ्ठ्या आधीच्या गाडीचाच आकडा तसाच ठेवतो, एजीएमच्या जागी साधी बॅटरी निवडतो आणि छापील चिठ्ठी हातात देतो. चुकीच्या आकड्यावर निघालेलं ‘गुड’ घेऊन मी काय करू?

याहून वाईट म्हणजे उलटा गोंधळ. छोटीचं व्होल्टेज कोसळलं की हायब्रिड सिस्टिमचे, ब्रेकचे दिवे एकदम पेटतात, कारण कॉम्प्युटरलाच वीज पुरत नाही. आणि लगेच सांगितलं जातं, मोठी बॅटरी गेली, बदलावी लागेल. माणसाच्या पोटात गोळा येतो. आधी बारा व्होल्ट मोजायचे, हा पहिला नियम असायला हवा. मोठा खर्च सांगण्याआधी एकदा मीटर लावायला हात का जड होतात?

गाडीला हे सगळं माहीत असतं, म्हणून मला कंपन्यांचा जास्त राग येतो. कंट्रोल मॉड्यूलचं व्होल्टेज बहुतेक गाड्यांच्या ओबीडी पोर्टवर, म्हणजे तपासणीचं यंत्र जोडायच्या सॉकेटवर, मिळतं. साधा स्कॅनर लावला की वाचता येतं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर स्क्रीनमागे लपवलेल्या सर्व्हिस मेनूत ते दिसायचं, बटणांची ठरावीक खेळी केली की. म्हणजे मोजता, साठवता आणि मालकापासून लपवता! ह्युंदाई आयोनिक आणि कियाच्या निरो हायब्रिडमध्ये छोटी बॅटरीही लिथियमची देऊन रिसेटचं बटण दिलं, की उतरली तर दाबून गाडी सुरू करता यावी. (तिथे वरचे लेड-अ‍ॅसिडचे आकडे लावू नका.) मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

मला नवीन स्क्रीन नको, नवीन अ‍ॅप नको. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं, रेडी होण्याआधीच्या क्षणाचं व्होल्टेज आणि कॉम्प्युटर उठताना ते किती खाली गेलं, एवढे दोन आकडे दाखवा. महिन्यामागून महिने ते घसरत गेले तर मालक स्वतःच बॅटरी बदलून घेईल. आणि गॅरेजवाल्यांनो, पुढच्या वेळी जॉबकार्डवर नुसतं ‘बॅटरी ओके’ लिहिलेलं मी घेणार नाही. गाडी बंद असतानाचा आकडा, भारावरचा आकडा, टेस्टरमध्ये भरलेलं रेटिंग, तिन्ही लिहून द्या, नाहीतर तपासणीचे पैसे मागू नका.