म्हणे, व्हीएम फुकट असते!

"अरे, एक व्हीएम टाक ना, फुकटच तर आहे!" हे ऐकलं की डोकंच फिरतं. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एकाच सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला वेगळा कॉम्प्युटर. फुकट? विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या लायसन्सला सर्व्हरच्या प्रोसेसरमधले सगळे कोअर मोजून, किमान 16 चे पैसे भरून हक्क मिळतो फक्त 2 व्हीएमचा. तिसरी हवी? पुन्हा सगळे कोअर मोजा! आणि आमच्याकडे व्हीएमची नावं बघा: 'टेस्ट', 'टेस्ट-नवीन', 'टेस्ट-फायनल-2'... मालक कोण? देव जाणे. पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, कोण मारणार? मीच! बॅकअप विचारला तर म्हणे, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) आहे की. अहो, तो त्याच डिस्कवर आहे, डिस्कबरोबर तोही राम म्हणणार! हायपरव्हायजरचा, म्हणजे या सगळ्या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अ‍ॅडमिन पासवर्ड पाच जणांना तोंडपाठ, त्यातला एक तर नोकरी सोडून गेलाय. प्लॅनिंगची मीटिंग मागितली, तर साहेब म्हणतात, "आधी ही एक टाक, मग बसू."