अनाथ मुलं, दत्तक आणि ‘चौकशीचा घोळ’: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देशात ३ कोटी अनाथ मुलं आहेत, दत्तक मात्र वर्षाला जेमतेम चार हजार जातात. हजारो जोडपी रांगेत तिष्ठत बसली आहेत. मधे आडवी येते ती समाजसेवकांची आणि बालकल्याण समितीची (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीची) चौकशी. ही मंडळी महिनोन्‌महिने कागद रंगवतात आणि शेवटी मूल पुन्हा त्याच झोपडीत, त्याच दारुड्या बापाकडे पाठवतात. त्यापेक्षा चांगल्या घरात द्या, सुटेल बिचारं.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण बालसंरक्षणाच्या कामात असल्यामुळे हा मजकूर मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी पाठवतंच, तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते.

‘३ कोटी अनाथ.’ हा आकडा युनिसेफच्या अंदाजावरून आलेला आहे. त्या मोजणीत आई किंवा बाप, दोघांपैकी एक जरी गेला असला तरी मूल धरलं जातं. म्हणजे यातल्या बहुतेकांची आई किंवा बाप जिवंत आहे आणि मूल त्यांच्यापाशी किंवा आजी-मामा-काकांकडे वाढतंय. नवरा वारल्यावर दोन मुलं सांभाळणारी बाई तुमच्या गल्लीतही असेल. तिची दोन्ही मुलं या ३ कोटींत आहेत. ती दत्तक द्यायची म्हणता का?

चार हजारांचा आकडा मात्र बरोबर आहे. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली. रांगेतले पालक तीस हजारांहून जास्त आहेत, हेही खरं. पण कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं कोणत्याही वेळी दोन-अडीच हजारांच्या आसपासच असतात. त्यातली बरीचशी वयाने मोठी किंवा विशेष गरजा असलेली, आणि रांगेतल्या बहुतेकांना हवं असतं तान्हं, निरोगी बाळ.

‘बालगृहं अनाथांनी भरलेली आहेत.’ केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१६-१७ मध्ये देशभरच्या बालगृहांची आणि तत्सम संस्थांची मोजदाद केली. संस्था निघाल्या ९,५८९ आणि मुलं सुमारे ३ लाख ७० हजार. अनाथ, टाकून दिलेली आणि पालकांनी स्वतः सोपवलेली मुलं मिळून सहाव्या हिश्श्याहूनही कमी. एकच पालक असलेली मात्र १ लाख २० हजारांच्या आसपास. आपल्याकडे हे जूनमध्ये डोळ्यांना दिसतं. शाळा उघडायच्या तोंडावर समितीच्या कार्यालयाबाहेर आया मुलांना घेऊन बसलेल्या असतात. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणाला पाऊस सरला की ऊसतोडीला जायचंय. ‘बोर्डिंगात घाला’ एवढंच त्यांचं मागणं. दिवाळीत मूल घरी न्यायला त्याच पहिल्या दारात असतात.

आता ‘चौकशीचा घोळ’. इथे जरा थांबायला हवं, कारण अख्खा मजकूर यावरच उभा आहे.

समजा मनमाड स्टेशनवर रेल्वे पोलिसांना एक दहा वर्षांचा मुलगा सापडला. त्याला २४ तासांत समितीपुढे आणलं. कागदावर शेरा: ‘घरातून पळून आलेला.’ हाच शेरा असलेली तीन मुलं घेऊ (हे नमुने आहेत, कुणा एका मुलाची हकीकत नाही). पहिल्याला चौथीत असून वाचता येत नाही, वर्गात रोज मार बसतो, घरी तक्रार केली की घरचेही मास्तरांचीच बाजू घेतात. दुसऱ्याची आई टीबीने अंथरुणाला खिळलेली. तो हॉटेलात कपबशा विसळत होता, मालकाने पैसे बुडवले म्हणून रागाने गाडीत बसला. तिसरा काहीच बोलत नाही. ‘घरी नको’ एवढंच. पाचव्या-सहाव्या भेटीत तो घरात येणाऱ्या एका नातेवाइकाबद्दल बोलतो.

पहिल्यासाठी शाळेशी भांडावं लागतं, घरच्यांना समजवावं लागतं. दुसऱ्याला सरकारच्या बालसंगोपन योजनेचे पैसे, आईला औषधं आणि रेशनकार्ड मिळवून द्यावं लागतं. तिसऱ्याला त्या घरात पाठवायचंच नाही, पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली) गुन्हा नोंदवायचा. फॉरवर्डमधला उपाय तिघांनाही एकच: चांगलं घर.

हा फरक गृहभेटीत कळतो, तोही एका भेटीत नाही. गेल्या गेल्या प्रश्नावली काढून बसणारा कार्यकर्ता रिकाम्या हाताने परततो. घरात कोण कुठे झोपतं, मूल कुणाच्या आडोशाला जातं, आपण आल्यावर कोण बोलायचं थांबतं, हे बघावं लागतं. अंगणवाडी सेविकेला विचारावं लागतं. शेजारीण दारात काय सांगते आणि कोपऱ्यावर गाठून काय सांगते, दोन्ही ऐकावं लागतं. शाळेचं हजेरीपत्रक तर सोनं आहे. ठरावीक वारीच खाडे असतील तर त्या वारी गावचा बाजार असतो की बापाचा पगार, हे शोधायचं. यालाच आम्ही केसवर्क म्हणतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सामाजिक तपासणी अहवालाला १५ दिवस आणि समितीच्या अंतिम आदेशाला ४ महिने दिले आहेत. चैन करण्याइतका हा वेळ नक्कीच नाही.

बाळ सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, त्यावरही या मजकुराचा राग आहे. नात्यातल्यांनी धाक घालून कागदावर अंगठा घेतलेली मुलगी ज्याने पाहिली आहे, त्याला हे दोन महिने कमीच वाटतील.

तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, सबब बालगृहात ठेवणे योग्य’ हे एकच वाक्य नाव बदलून किती अहवालांत सापडतं, ते समितीवर बसलेल्या कुणालाही विचारा. तुटपुंज्या मानधनावर, कंत्राटी नेमणुकीवर अख्खा तालुका पायाखाली घालणारा माणूस असंच लिहिणार. पण यावर इलाज माणसं वाढवण्याचा आहे. चौकशीच काढून टाकली तर वरच्या तिसऱ्या मुलाच्या त्या नातेवाइकाचं पितळ उघडं पाडणारं कुणी उरत नाही.

‘पुन्हा त्याच झोपडीत पाठवतात.’ हो, पाठवतात, आणि बहुतेकदा बरोबर करतात. संस्था हा शेवटचा पर्याय, हे कायद्याचंच तत्त्व आहे. गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही; होत असेल तर निम्म्या महाराष्ट्राची मुलं काढावी लागतील. संस्थेत लहान मुलांचं काय होतं हे रुमानियाने जगाला दाखवलं. तिथे २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधली १३६ लहान बाळं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक-कुटुंबांकडे (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे) दिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि माया लावण्याची क्षमता जास्त चांगली वाढली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वात चांगली. दारूचं म्हणाल तर बाप पितो इतकं कळून काही ठरत नाही. प्यायल्यावर तो मारतो का, आई कमावती आहे का, आजी जवळ राहते का, हे ठरवतं. खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते: मूल घरी गेलं, आदेशावर सही झाली, की फाइल कपाटात जाते आणि पुढच्या भेटी होतच नाहीत.

‘दत्तक घेणाऱ्यांची घरं तपासून अपमान करतात.’ १९८४ मध्ये वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकातल्या गैरव्यवहारांची दखल घेतली. घराचा अभ्यास करूनच मूल द्यायचं, या शिस्तीला त्यातून बळ मिळालं. पगार विचारला म्हणून चिडणारे लोक ‘मूल का हवंय?’ या प्रश्नावर गप्प होतात. तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. दत्तक गेलेली मोठी मुलं कधीकधी परत आणून सोडली जातात. त्या मुलाचं तोंड बघवत नाही.

मजकुराच्या शेवटी एक मोबाइल नंबर आहे, ‘थेट संपर्क करा’ म्हणून. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, असेच नंबर फिरत होते. हा प्रकार बेकायदा आहे. प्रक्रिया डावलून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे देऊन-घेऊन मूल विकणं-विकत घेणं याला पाच वर्षांपर्यंत. असं बाळ किंवा असा मजकूर दिसला तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आणि काही पाठवायचंच असेल तर हे पाठवा: एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली पात्र मुलांना महिन्याला ४,००० मिळू शकतात. पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं नाही, पण येतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड आणि पालकाचा मृत्यूदाखला सोबत न्यायचा. मृत्यूची नोंदच झालेली नसेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जायचं, कारण निम्मे अर्ज तिथेच अडतात.