‘ड्रिंकर गळके, तूस रोज ओलं’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या कोंबडीच्या १०० पिल्लांच्या ब्रूडर किटमधले (पिल्लांना ऊब देऊन वाढवायचं सामान) दोन्ही ड्रिंकर, म्हणजे पाण्याची भांडी, गळके निघाले, निफाडच्या थंडीत पिल्लांखाली पसरलेलं तूस रोज सकाळी ओलं, चुना मारूनही फरक नाही, पाच दिवसांत रक्ती हगवणीने १४ पिल्लं गेली आणि दुकानात फोन केला तर ‘तूस बदला’ एवढंच ऐकायला मिळालं. शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण ती चूक आमची. ऐन थंडीत रात्री सगळं तूस काढून बाहेरचं गार तूस पसरलं की पिल्लं पोटाकडून गारठतात. तो सल्ला चुकीचाच होता.

ड्रिंकरचं मात्र तुमच्याच फोटोत दिसतंय. दोन्ही बरोबर ऊब देणाऱ्या बल्बखाली आहेत, बरणीत तळाला लिटरभर पाणी आणि वर नुसती हवा. ताटलीवर उपड्या बसवलेल्या बरणीच्या कडेचं बारीक भोक ताटलीतल्या पाण्यात बुडलं की आत हवा जायची थांबते आणि पाणी उतरायचं थांबतं, एवढ्यावरच हे भांडं चालतं. आतली हवा तापली की ती फुगते आणि पाणी खाली ढकलते. तीन लिटरच्या बरणीत दोन लिटर हवा असेल आणि ती १५ अंशांवरून ३५ वर गेली, तर साधारण १४० मिली पाणी बाहेर येतं. थोडं ताटलीत मावतं, बाकीचं तुसात. रात्री लाईट जाऊन येत असेल तर आणखी वाईट: बरणी गार झाली की भोकातून हवा आत ओढते, बल्ब लागला की पुन्हा पाणी ओकते. म्हणून तूस बदलूनही सकाळी तोच ओला गोल.

खात्री करायची तर ड्रिंकर भरा, सपाट फरशीवर वर्तमानपत्र अंथरून बल्बपासून लांब दोन तास ठेवा. कागद भिजला तर माल आमचा खराब. कोरडा राहिला तर जागा चुकली. अर्थात, ‘बल्बखाली ठेवू नका’ ही ओळ आमच्या माहितीपत्रकात नव्हती, हेही खरं. ती आता घालतोय.

बल्ब मधोमध, ड्रिंकर त्याच्यापासून सव्वा-दीड फूट लांब, फीडरच्या (खाद्याच्या भांड्यांच्या) मधल्या जागेत. पहिले दोन दिवस ड्रिंकर पातळ फळीवर ठेवा, म्हणजे पिल्लाची चोच पोचते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फूटभर चौकोनी लाकडी चौकटीवर पाव इंची जाळी ठोकून तिच्यावर ठेवा, खाली पसरट ट्रे. सांडलेलं पाणी ट्रेमध्ये जातं, तुसात नाही. अर्धा इंची जाळी नको, लहान पिल्लांचे पाय अडकतात. ताटलीची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला हवी. खाली राहिली की पिल्लं तूस उडवतात आणि त्यातच हगतात. आणि चौकट एका बाजूला कलली तर चांगला ड्रिंकरही गळतो.

रात्री अर्धी बरणी ठेवू नका, काठोकाठ भरा. हवा कमी, तर ढकलणं कमी. टाकीतलं गार पाणी थेट न भरता बादली आधी दोन-तीन तास शेडमध्ये ठेवा. १०० पिल्लांना पहिल्या दिवशी दोन-अडीच लिटर पुरतं, आठवड्याअखेर सहा-सात लागतं.

तुम्ही गूळपाणी तीन दिवस दिलंत, तिथेही गडबड आहे. ते पहिले तीन-चार तासच, मग ड्रिंकर घासून साधं पाणी. ताटलीच्या खाचेत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे, आणि नुसतं विसळून तो जात नाही. दिवसातून दोनदा ब्रशने घासा. बोअरच्या पाण्याला हजार लिटरला १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरे, पण पाण्यातून लस द्यायची असेल तर २४ तास आधी बंद करा, नाहीतर लस वाया.

चुना पिल्लं आत असताना मारू नका. ओल्या तुसावर तो अमोनिया जास्त सोडवतो, शिवाय डोळे आणि पाय भाजतात. तो तूस पसरण्याआधी, रिकाम्या फरशीवर.

सिमेंटच्या फरशीवर थंडीत तूस तीन इंच हवं. मूठभर दाबून बघा: मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओलं, विस्कटला तर बरं. ओला गोल तेवढाच काढा आणि शेडमध्येच ठेवलेलं कोरडं तूस तिथे टाका. आणि पडदे! तुमचे चारही बाजूंनी खालपर्यंत बंद दिसतात. वरून वीतभर फट ठेवा, दुपारी ऊन असताना उघडा. पिल्लांच्या उंचीला उकिडवे बसून वास घ्या; डोळे चुरचुरले तर हवा कोंडलीय.

मरतुकीबद्दल: रक्ती हगवण पाचव्या दिवशी सहसा येत नाही, ती बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसते. तुमच्या फोटोत पिल्लं एका कडेला एकमेकांवर चढलीत, म्हणजे गारठून चेंगरण्याचीच शक्यता जास्त वाटते. पण फोटोवरून निदान होत नाही. पुढे मेलं तर पिल्लू ताजं असतानाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाला न्या.

दोन्ही ड्रिंकर पावती घेऊन दुकानात आणा. कागदाची चाचणी तुमच्यासमोर लावू. गळले तर ड्रिंकरचे पैसे परत आणि नवे दोन फुकट. नाही गळले तरी जाळीच्या दोन चौकटी आमच्याकडून घेऊन जा, त्या किटमध्ये आधीच असायला हव्या होत्या.