'सोलापुरात बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

नमस्कार.

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने ऑर्केस्ट्रासोबत वाजवलेल्या 'कॉन्सर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा'वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की यात ऑर्केस्ट्रा नुसता शोभेला आहे, रॉक आणि सिंफनी मिसळतच नाहीत, आलटून-पालटून वाजतात, व्हायोलिन गिटारखाली दबतात, ड्रम सोलो उगाच लांबवलाय. आणि शेवटी, 'सोलापुरात बसून रॉयल अल्बर्ट हॉलवर लिहिणं म्हणजे फुकटचा शहाणपणा.'

मतभेदाचं मला काही वाटत नाही, या शेवटच्या वाक्याचं वाटलं. 24 सप्टेंबर 1969 च्या रात्री हा कॉन्सर्टो लंडनच्या त्या हॉलमध्ये वाजला, तेव्हा तुम्ही तिथे होतात का? मीही नव्हतो. दोघांनीही रेकॉर्डिंगच ऐकलंय. ते कोथरूडमध्ये ऐकलं काय आणि साखर पेठेत ऐकलं काय, सूर बदलतात का?

माझे वडील, अण्णा, इथल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्याच बँडमध्ये मी साइड ड्रम वाजवलाय. वरात बाळीवेशीच्या गर्दीत शिरली, ढोल दणकायला लागला, की क्लॅरिनेटचा एक सूर कानावर येत नसे. मग अण्णा हात वर करायचे, ढोल थांबायचा, ते दोन ओळी एकटे वाजवायचे आणि तिसऱ्या ओळीला सगळे एकदम उठायचे. आवाजाची ताकद इतकी वेगळी असली की कुणाला तरी थांबावंच लागतं. हे मी रस्त्यावर शिकलोय, आणि ते सोलापूरच्याच रस्त्यावर.

डीप पर्पलचा कीबोर्डवादक आणि या कॉन्सर्टोचा रचनाकार जॉन लॉर्ड, त्याने दुसरं काय केलंय? पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, दोन्ही बाजू मुद्दाम समोरासमोर ठेवल्या आहेत. दुसऱ्यात बँडचा गायक इयन गिलन गातो आणि त्या जवळ येतात, तिसऱ्यात एकत्र धावतात. तुम्ही बहुधा पहिलीवरच निकाल देऊन मोकळे झालात.

'शोभेला' म्हणता, पण ऑर्केस्ट्राचं लेखन लॉर्डचं स्वतःचं आहे आणि तो लहानपणापासून शास्त्रीय पियानो शिकलेला होता. त्या रात्री वाजवणाऱ्या रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं संचालन करणाऱ्या संगीतकार माल्कम अर्नॉल्डने त्याच रात्री स्वतःची सहावी सिंफनीही वाजवून घेतली. 1970 मध्ये या कॉन्सर्टोची स्वरलिपी हरवली. पुढे एका डच संगीतकाराने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून ती पुन्हा लिहून काढली, आणि 1999 मध्ये त्याच हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. शोभेच्या वस्तूसाठी कोण एवढं रक्त आटवतं?

व्हायोलिन काही ठिकाणी दबतात, हे मान्य. 1969 चं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, तेवढं चालायचंच. ड्रमर इयन पेसचा सोलो तुम्हाला लांब वाटला तर वाटला, त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

तिसरी मूव्हमेंट नीट ऐका आणि जरूर लिहा, मी छापीन. माझ्या गावावर पुन्हा घसरलात तर छापणार नाही.