मागच्या डिफरन्शियलच्या तेलाविषयीच्या दाव्याबाबत खुलासा

जुन्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधील (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या यंत्रणेतील) तेल आयुष्यभरासाठी असते आणि पातळी घटल्यास गिअरबॉक्सचे नव्वद नंबरचे कोणतेही तेल चालते, असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

अ‍ॅम्बॅसेडर, ओम्नी, सुमो यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, इंजिनाप्रमाणे तेलाचा फिल्टर नसतो. त्यामुळे दातेरी चाकांचे दात झिजून निघालेली लोखंडाची भुकटी त्याच तेलात फिरत राहते. पुराच्या पाण्यातून गाडी गेली, तर तापलेले हाऊसिंग एकाएकी थंड होऊन ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढते आणि तेल दुधाळ होते. अशा वेळी किलोमीटर मोजत न बसता तेल लगेच बदलावे. (मारुती ८०० वाल्यांनी मागे शोधू नये, तिचे डिफरन्शियल पुढे, गिअरबॉक्सलाच जोडलेले असते.)

नव्वद हा आकडा केवळ दाटपणा सांगतो. हायपॉइड क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधील मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडीचे, दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात, म्हणून तेथे सहसा जीएल-५ दर्जाचे तेल लागते (जीएलचा आकडा दाबाखाली दातांना मिळणारे संरक्षण सांगतो). जीएल-४ चे संरक्षण त्यांना अपुरे पडते. अर्थात अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा.

तेल बदलताना, आमच्या मते, एक गोष्ट कधीही चुकवू नये: भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा आणि मगच तेल सोडण्याचा खालचा बोल्ट काढावा, कारण वरचा गंजून अडकला असेल, तर रिकामे हाऊसिंग घेऊन गाडी जागीच उभी राहते.